मेनफ्रेमचा क्लास : फी वसूल, पण कोणाची?

पुण्यातल्या एका मेनफ्रेम क्लासचा हा रिव्ह्यू. मेनफ्रेम म्हणजे बँका-विमा कंपन्यांचे व्यवहार चालवणारे मोठे कॉम्प्युटर. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाकडं बोलणार आहे आणि सरांशी माझं वैर नाही. कोबोल (त्यावरची जुनी प्रोग्रामिंग भाषा), जेसीएल (मशीनला काम लावून द्यायच्या सूचना), व्हीसॅम (फायली साठवायची पद्धत), डीबी-टू (डेटाबेस), सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी सिस्टिम) असा नेहमीचा अभ्यासक्रम, शनिवार-रविवार सकाळची बॅच, फी २८,००० रुपये.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. १९९८ मध्ये मी अंधेरीच्या सीप्झमध्ये वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना कॉम्प्युटरांच्या तारखा गोंधळू नयेत त्या कामावर होते. जुन्या फायलींत वर्ष दोनच आकड्यांत साठवलेलं. ते चार आकडी करायचं तर फायलींची रचनाच बदलायला हवी, तेवढा वेळ कोणाकडे होता? मग बहुतेक ठिकाणी 'ठरावीक आकड्याच्या खालचं वर्ष असेल तर ते २०००च्या पुढचं धरा' अशी अट घालून वेळ मारून न्यायची. असल्या अटी मी ढिगाने लिहिल्या. पुढे लग्न, यांच्या बदल्या, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. आता मुलगी कमावती झाली आणि मला परत काम हवंय. या वयात जावा शिकून पोराटोरांशी स्पर्धा करण्यापेक्षा जे येत होतं तेच घासूनपुसून घ्यावं, म्हणून इथे नाव घातलं.

बॅचमध्ये बाकी सगळी लातूर, नांदेड, बार्शीकडची बीएस्सी-बीसीए झालेली मुलं. पहिल्या दिवशी मला बघून शिकवायला आलेल्या मॅडम समजून उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात मी काकू झाले.

शिकवणं उत्तम, त्यात वाद नाही. सर आठवडाभर हिंजवडीत एका अमेरिकन विमा कंपनीच्या सिस्टिमचा सपोर्ट बघतात, त्यामुळे पुस्तकी बोलत नाहीत. कोबोलचा इतिहास (१९५९ची पेंटागॉनमधली बैठक, ग्रेस हॉपर वगैरे) दहा मिनिटांत उरकला आणि थेट कॉलमवर, म्हणजे ओळीतल्या अक्षरांच्या जागांवर आले. आठव्यापासून एरिया ए (भागांची नावं), बाराव्यापासून एरिया बी (प्रत्यक्ष आज्ञा), ७२च्या पुढे लिहिलेलं कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वाचतच नाही. एका मुलाचा पूर्णविराम नेमका ७३व्या कॉलमात गेला होता. स्क्रीनवर तर स्वच्छ दिसतोय, मग एरर का? सरांनी त्याला अर्धा तास शोधू दिलं, उत्तर सांगितलं नाही. पंच कार्डाच्या (भोकं पाडून प्रोग्राम लिहायच्या पुठ्ठ्यांच्या) जमान्यातला हा नियम त्या पोराच्या डोक्यातून आता जन्मात जाणार नाही.

सगळ्यात भारी तास सॉक-सेव्हनचा, म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच आल्याने प्रोग्राम बंद पडतो त्या एररचा. मुद्दाम एका रेकॉर्डमध्ये रकमेच्या जागी रिकाम्या जागा भरल्या आणि जॉब (मशीनला दिलेलं काम) सोडला. बेरजेपाशी आपटला. मग डंप (बंद पडताना मेमरीत काय होतं त्याची नोंद) उघडून एकेक बाइट वाचायला लावला. कॉम्प-थ्री (एका बाइटमध्ये दोन अंक बसवायची पद्धत) आकड्याच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याचं चिन्ह असतं, सी, डी नाहीतर एफ. इथे मात्र ४०, ४०, ४०, कारण एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतात) रिकामी जागा म्हणजे हेक्स (सोळाच्या पद्धतीतले) ४०. शेवटी शून्य आलं, ते चिन्ह म्हणून चालत नाही, म्हणून मशीनने हात वर केले. डंपमधला ऑफसेट (प्रोग्राम जिथे पडला ती जागा) कंपाइल लिस्टिंगशी (कंपायलरने काढलेल्या कोडच्या यादीशी) जुळवून नेमकी ओळ कशी काढायची, हे मला सीप्झमध्येही कोणी इतकं नीट शिकवलं नव्हतं. तिथे एक सीनियर यायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि चहाला निघून जायचे.

आता लॅब. जाहिरातीत 'चोवीस तास मेनफ्रेम ॲक्सेस'. प्रत्यक्षात तिघांत एक आयडी. एकाने लॉगऑफ न करता लॅपटॉप मिटला की दुसऱ्याला टीएसओ (मेनफ्रेमवर लॉगिन करायची सोय) आतच घेत नाही, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोण बसलंय रे आत?' सीआयसीएसच्या भागात तर जवळजवळ सगळं सरांच्याच स्क्रीनवर बघितलं. नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, हायफन कुठला आणि अंडरस्कोअर कुठला ते ओळखता येत नाही. आयबीएमच्या झेड एक्स्प्लोर या शिकायच्या साइटवर खऱ्या झेड-ओएसवरचं (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं) खातं फुकट मिळतं आणि ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबोल कोर्सही फुकट आहे. मी सराव तिथेच केला. नुसती भाषा गिरवायची असेल तर ग्नू-कोबोल (फुकटचा कोबोल कंपायलर) लॅपटॉपवरही चालतं. मग इथे २८,००० कशाचे? सरांचे. बाकी कशाचे नाहीत.

खरी गोम प्लेसमेंटमध्ये आहे. क्लासच्या भिंतीवर मोठं पोस्टर : 'अमेरिकेत कोबोल प्रोग्रामर मिळेनात!' २०२०च्या एप्रिलमधली बातमी. कोविडमध्ये बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्यांना हाक दिली होती. हाक होती स्वयंसेवकांना! पगाराचं नाव नव्हतं, हे पोस्टरवर कुठे येणार? टेक्सासमधल्या 'कोबोल काउबॉइज' या कोबोलची कामं घेणाऱ्या कंपनीचंही उदाहरण देतात. तिथे मागणी आहे ती बँकांच्या सिस्टिममध्ये आयुष्य काढलेल्या निवृत्त मंडळींना.

मागणी खोटी आहे असं म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेला गाभ्याची सिस्टिम बदलायला पाच वर्षं आणि शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात खर्च आला. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये एका दमात सगळं नव्या सिस्टिमवर हलवलं आणि लाखो ग्राहकांना आपलंच खातं उघडता येईना. पुढे ४.८६५ कोटी पौंडांचा दंड. हे बघितल्यावर चालत्या गाडीला हात लावायला कोण धजावेल? त्यामुळे कोबोल टिकलंय. कोबोलमधून जावा करून देणारं एआयचं साधन आयबीएमने २०२३ मध्येच जाहीर केलं. पण आलेलं जावा बरोबर आहे की नाही, हे सांगायलाही जुना कोड वाचता येणारा माणूस लागतोच.

पण लागतो कोण? नोकरीच्या जाहिराती वाचा : 'अनुभव ५ ते ८ वर्षं', विमा नाहीतर कार्डांच्या व्यवहाराची माहिती, रात्रपाळीची तयारी. मोठ्या कंपन्यांना नवखी मुलं हवी असतात तेव्हा त्या कॅम्पसमधून उचलतात आणि पगार देऊन स्वतःच शिकवतात. २८,००० भरून बाहेरून शिकून आलेल्या पोराला त्यात जागा कुठे आहे? आमच्या बॅचमधल्या एकाला प्रॉडक्शन सपोर्टमध्ये काम मिळालं, एक टेस्टिंगकडे वळला. बाकीच्यांना क्लासकडून 'प्रोफाइल पाठवलंय' एवढंच उत्तर मिळतं.

माझा एका ठिकाणी इंटरव्ह्यू झाला. सिंटॅक्स एका शब्दाने विचारला नाही. प्रश्न एकच, तो फिरवून फिरवून : रात्री दोनला बॅच (रात्रीतून एकगठ्ठा चालणारी कामं) पडली आणि सकाळी सहाला ऑनलाइन व्यवहार सुरू व्हायला हवेत, काय कराल? मी म्हटलं, आधी एसडीएसएफमध्ये (जॉब बघायच्या स्क्रीनवर) स्पूल, म्हणजे जॉबने काढलेलं आउटपुट बघेन, कोणती स्टेप, कोणता कोड. आधीच्या स्टेपने जीडीजीची (एकाच नावाच्या, क्रमांकाने ओळखायच्या फायलींच्या मालिकेची) नवी जनरेशन कॅटलॉग केली आहे का, म्हणजे नवी फाइल नोंदली आहे का ते तपासेन, नाहीतर पुन्हा चालवताना भलतीच फाइल उचलली जाईल. मगच रीस्टार्ट. समोरचा मुलगा पहिल्यांदा लॅपटॉपमधून मान वर काढून म्हणाला, "मॅडम, गॅप सोडला तर तुम्ही आम्हाला चालाल." दुसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे.

शिकवण्याला पाचपैकी साडेचार, लॅबला एक, प्लेसमेंटच्या आश्वासनाला शून्य. मेनफ्रेमवर आधी काम केलेलं असेल, किंवा कंपनीत टेस्टिंगला असाल आणि त्याच प्रोजेक्टच्या कोबोल टीममध्ये सरकायचं असेल, तर डोळे मिटून जा. नुकतं कॉलेज संपलं असेल आणि बाबा कर्ज काढून फी भरणार असतील तर आधी फुकटचे कोर्स करा, कंपन्यांच्या परीक्षा द्या. तरीही जायचंच असेल तर फी दोन हप्त्यांत घेतात. दुसरा हप्ता स्वतःच्या नावाचा आयडी हातात पडल्यावरच द्या.