‘द शॅक’: देव बाईच्या रूपात आला, माझी हरकत त्याला नाही

आमच्या चर्चच्या मंडळीचं छोटं वाचनालय मी सांभाळते. देणगीत आलेल्या पुस्तकांमध्ये विल्यम पॉल यंग यांची ‘द शॅक’ ही इंग्रजी कादंबरी हमखास असते. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथे ती आवर्जून नेऊन दिली जाते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

यंग यांनी ही गोष्ट मुळात आपल्या सहा मुलांसाठी लिहिली. प्रकाशक मिळेनात, तेव्हा मित्रांनीच 2007 साली ती छापली आणि बघता बघता एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. कथा अमेरिकेतल्या ओरेगनची. मॅक मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबूत राहायला गेलाय. होडी उलटते, बुडणाऱ्या मुलाला वाचवायला तो पाण्यात उडी घेतो आणि तेवढ्यात धाकटी मिसी नाहीशी होते. डोंगरातल्या एका पडक्या खोपटात तिचा रक्ताने माखलेला लाल फ्रॉक मिळतो, ती मिळत नाही. काही वर्षांनी मॅकच्या टपालपेटीत चिठ्ठी येते, त्याच खोपटात भेटायला ये म्हणून. खाली सही ‘पापा’. तिथे पिता परमेश्वर एका कृष्णवर्णीय बाईच्या रूपात स्वयंपाकघरात वावरत असतो, येशू सुतारकाम करत असतो आणि पवित्र आत्मा म्हणजे सरयू नावाची आशियाई स्त्री.

अमेरिकेत बराच गदारोळ झाला तो या बाईवरून. मला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही. आई जशी लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन, असं परमेश्वर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 66व्या अध्यायात स्वतःच सांगतो. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मातीत आपण वाढलो, आणि आपल्या ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही ख्रिस्ताला आई आणि गुरू मानून पदं रचली. शिवाय कादंबरीत शेवटी, मिसीचा देह शोधायला निघायच्या सकाळी, ‘पापा’ पुरुषाच्या रूपात येते, कारण त्या दिवशी मॅकला बापाची गरज असते. हे लेखकाला छान सुचलंय.

माझी हरकत आहे ती ‘पापा’च्या मनगटांवरच्या व्रणांना. मॅक चिडून विचारतो, स्वतःच्या मुलाला वधस्तंभावर टाकून दिलंस ना? त्यावर ती म्हणते, मी त्याला कधीच सोडलं नव्हतं. आणि मॅकला तिच्या मनगटांवर खिळ्यांचे व्रण दिसतात. वाचताना डोळे भरून येतात. पण मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण काय म्हणतो? रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या वेळी ज्याने दुःख सोसलं, ज्याला वधस्तंभावर खिळलं, तो पुत्र, म्हणजे येशू. पिता नव्हे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने, पिता आणि पुत्र एकच असं शिकवणाऱ्या प्रॅक्सियसला याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं: याने पवित्र आत्म्याला हाकलून दिलं आणि पित्याला वधस्तंभावर चढवलं. आणखी एके ठिकाणी ‘पापा’ सांगते की आम्ही तिघं पुत्राच्या रूपाने मानव झालो. योहानाच्या शुभवर्तमानात देही झाला तो शब्द, म्हणजे पुत्र.

हा नुसता पंडितांचा वाद नाही. पिताही खिळला गेला असेल, तर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही वधस्तंभावरून येशूने मारलेली हाक कुणाला होती? आणि मॅककडे बघा. लेकरू गेलंय आणि बाप मागे उरलाय. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला पिता आपल्या पुत्राला राखून न ठेवता आपल्या सर्वांसाठी देऊन टाकतो. तो पिता मॅकसमोर बसला असता तर या गोष्टीला केवढं बळ आलं असतं! ते व्रण दाखवून लेखकाने आपल्याच कथेचा गाभा पुसून टाकला.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. पापाबद्दल शिक्षा करण्याची मला गरज नाही, पाप हीच शिक्षा आहे, असं इथला देव म्हणतो. ‘पापाचं वेतन मरण आहे’ हे शास्त्रवचन एवढ्यावर भागत नाही. ज्या आईचं लेकरू कुणी मारलं, तिला न्याय हवा असतो. भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त भूमीतून ओरडतं ते देवाकडेच, आणि देव ते ऐकतो. क्षमेची प्रकरणं मनापासून लिहिलेली आहेत, पण न्यायासनाशिवाय तिथली क्षमा फार स्वस्त वाटते. यंग यांनी नंतर 2017 सालच्या एका पुस्तकात सर्वांचंच तारण होतं असं उघडच लिहिलं. त्याचं मूळ या पानांत दिसतं.

आवडलं काय, तर शवपेटी. कामाच्या खोलीत येशू काय घडवतोय हे बराच वेळ कळत नाही. ती मिसीसाठी असते. आणि सरयूसोबत मॅकने जो बागेचा तुकडा साफ केलेला असतो, तिथेच तिला पुरतात. इथे लेखक शिकवायला जात नाही आणि लिखाण एकदम उंचीवर जातं. 2017चा सिनेमा ठीक.

पुस्तक मी वाचनालयात ठेवलंय, पण मोठ्यांच्या कपाटात. बायबल अभ्यासगटाने मतांगीकार शेजारी ठेवून ते जरूर वाचावं, चर्चेला भरपूर मिळेल. दुःखाच्या घरी मात्र नेऊ नका. तिथे बायबलमधलं स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं आणि कुणाला घाईने धीर देत नाही.