जुन्या रिव्हॉल्व्हरची खोटी जोडी: डिचोलीतील एका फसवणुकीची हकिकत

जुन्या रिव्हॉल्व्हरची जोडी विकत घेणारा माणूस दोन्ही शस्त्रे हातात घेऊन बारकाईने पाहतो, ती खरोखर जुनी असल्याची खात्री करून घेतो आणि निर्धास्त होतो. फसवणाऱ्याचा सारा डाव याच खात्रीवर उभा असतो. मला विकलेली दोन्ही रिव्हॉल्व्हर जुनीच होती, दोन्ही बेल्जियममधील लिएझ शहरातच घडवलेली होती, आणि तरीही मी मोजलेल्या रकमेचा मोठा भाग ज्या गोष्टीसाठी होता ती त्यांची जोडी मुळात अस्तित्वातच नव्हती. या छंदात एकट्या नगाला जी किंमत येते तिच्या दुपटीहून कितीतरी अधिक किंमत जुळलेल्या जोडीला येते. पेटी मूळची असेल तर ती आणखी चढते, आणि पेटीसोबत एखाद्या घराण्याचा कागद असेल तर विक्रेता सांगेल तो भाव. त्यामुळे अख्खे शस्त्र नकली बनवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा दोन सुट्टे, सामान्य नग एका पेटीत बसवणे फसवणाऱ्याला फार सोपे आणि फार फायद्याचे पडते. गोव्यातील इतर संग्राहकांपुढेही अशा जोड्या ठेवल्या जात असल्याचे माझ्या कानावर आल्यामुळे हा प्रकार तपशीलवार लिहून ठेवत आहे.

'जुळलेले' हे विशेषण या व्यवहारात दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरले जाते आणि विक्रेते त्या दोहोंची सरमिसळ मुद्दाम करतात. पहिल्या अर्थी एकाच शस्त्राच्या सर्व भागांवरील क्रमांक एकसारखे असतात. कोल्ट कंपनीच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरवर नळी, चौकट, चापाची कडी, मुठीची पट्टी आणि सिलिंडर अशा अनेक ठिकाणी क्रमांक ठोकलेला असतो. तो सगळीकडे जुळला तर भाग बदललेले नाहीत असे मानता येते. दुसऱ्या अर्थी दोन शस्त्रे मुळातच जोडी म्हणून घडवलेली किंवा एकत्र दिलेली असतात, आणि हा प्रकार विरळा आहे. पेटीत दोन नग ठेवण्याची रीत प्रामुख्याने एकबारी पिस्तुलांच्या काळातली, कारण एक बार उडाला की दुसरे पिस्तूल हाताशी लागत असे. सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आल्यावर ती गरज संपली. सॅम्युएल कोल्टने रशियाचा झार पहिला निकोलस याच्यासारख्या सत्ताधीशांना सोन्याच्या जडावाची रिव्हॉल्व्हर नजर केली, पण ती राजेरजवाड्यांची गोष्ट झाली. लष्करात दिले जाणारे रिव्हॉल्व्हर अधिकाऱ्याला एकच मिळत असे. कोणी 'पोर्तुगीज अधिकाऱ्याची लष्करी जोडी' म्हणून काही पुढे केले, तर संशय तिथूनच सुरू व्हायला हवा.

मला दाखवलेल्या पेटीसोबत नेमकी अशीच कथा होती, आणि ती आमच्या भागातील माणसाच्या काळजाला हात घालणारी होती, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असावे. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्याच्या हुकमावरून मराठा पलटणीतील शिपायांनी बंड केले, दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली सत्तरीतील राणे उठले, आणि ते बंड मोडण्यासाठी राजा कार्लुश याचा धाकटा भाऊ दों आफोंसु सैन्य घेऊन लिस्बनहून गोव्यात आला, हा इतिहास डिचोली आणि सत्तरीत लहानपणापासून कानावर पडतो. त्या सैन्यातील एका अधिकाऱ्याने परत जाताना आपली दोन रिव्हॉल्व्हर एका भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला, भेट दिली, त्याचे पत्रही पेटीत आहे, आणि वाड्याची वाटणी झाल्यामुळे आता वारस ती विकत आहेत, असे मला सांगण्यात आले. 'भाई, ही वस्तू गोव्याबाहेर जाता कामा नये,' हे वाक्य विक्रेत्याने इतक्या कळकळीने उच्चारले की घासाघीस करणेच अप्रशस्त वाटावे.

दोन्ही नग आबादी पद्धतीचे, म्हणजे भरण्याची झडप उघडताच घोडा चापापासून सुटणाऱ्या रचनेचे, असल्याचे त्याने सांगितले आणि त्यात वरवर काही खटकत नव्हते. पोर्तुगालच्या लष्कराने अधिकाऱ्यांसाठी १८७८ मध्ये आणि सैनिकांसाठी १८८६ मध्ये याच पद्धतीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. ती लिएझमध्ये बनत, आणि १८९५ च्या अधिकाऱ्याकडे असे शस्त्र असणे अगदी स्वाभाविक होते. दोन्ही चौकटींवर लागोपाठचे क्रमांक होते, दोन्हींच्या नळ्या सारख्याच लांबीच्या होत्या, पेटीला आतून हिरवी बनात होती आणि झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळट पडलेले लेबल होते.

आता कायद्याचे पाहू, कारण फसवणुकीचा अधिक घातक भाग तिथे आहे. शंभर वर्षांपूर्वीचे शस्त्र ही पुरातन वस्तू असल्यामुळे तिला परवाना लागत नाही, हा समज आपल्याकडे सर्रास पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी. परंतु ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, ही अट त्याच वाक्यात आहे. दुरुस्तीनंतर चालू शकणारे रिव्हॉल्व्हर कितीही जुने असले तरी त्याला परवाना लागतो. विनापरवाना ते बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद व दंड आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारसाने आलेली शस्त्रेही त्या दोहोंतच मोजली जातात. आमच्याकडे बागायतीच्या राखणीसाठी वडिलांच्या वेळेपासूनची परवान्याची बाराबोर बंदूक आहे. म्हणजे चालती जोडी घेण्याचा मार्ग मला कायद्यानेच बंद होता, आणि हे मी विक्रेत्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते.

त्यावर त्याने दोन गोष्टी पुढे केल्या. पहिली म्हणजे दोन्ही शस्त्रे कायमची निकामी केलेली आहेत असे आश्वासन: नळीत शिसे ओतलेले दिसत होते, घोडे आपल्या जागी घट्ट बसलेले होते, आणि जोर लावून पाहू नका, जुनी स्प्रिंग तुटली तर मिळायची नाही, असे तो पुन्हापुन्हा बजावत होता. दुसरी म्हणजे 'पुरातत्त्व खात्याचा दाखला'. या दाखल्याची मौज सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती एक झेरॉक्स होती, दुरून दाखवून लगेच फाइलमध्ये परत गेली होती, आणि पुढे पोलिसांच्या मदतीने ती नीट वाचायला मिळाली तेव्हा संबंधित वस्तू पुरातन नाही असे प्रमाणित करणारा तो मजकूर निघाला. असे दाखले वस्तू परदेशी पाठवताना अडवली जाऊ नये म्हणून घेतले जातात. ज्या कागदाच्या जोरावर तो वस्तूचे वय सिद्ध करत होता, तोच कागद ती वस्तू शंभर वर्षांची नसल्याचे सांगत होता. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. तो याच्याकडे नव्हता.

पैसे चुकते झाल्यावर पावती मिळाली, तिच्यावर 'लाकडी पेटी, जुनी, एक नग' एवढेच लिहिलेले होते. रिव्हॉल्व्हरचा उल्लेख केल्यास उगाच चौकशी मागे लागते, असे कारण त्याने दिले.

जोडीचे पितळ उघडे पडले ते शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले एक जाणकार कारागीर घरी आले तेव्हा. त्यांनी मुठीची लाकडे काढली, भिंग लावले आणि प्रथम क्रमांकांकडे पाहिले. जुन्या लोखंडावर गंजाचे बारीक खड्डे असतात. क्रमांक मूळचा असेल तर गंज नंतर चढलेला असल्यामुळे ते खड्डे अंकांच्या खोबणीतूनही आरपार गेलेले दिसतात. क्रमांक मागाहून ठोकला असेल तर अंकांच्या धारा खड्ड्यांना कापत जातात आणि खोबणीचा तळ गुळगुळीत राहतो. एका नगावर अंकांभोवतीचा पृष्ठभाग घासून किंचित खोलगट झालेला होता, म्हणजे जुना क्रमांक पुसून नवा ठोकलेला होता. दोन्ही नगांवरील नवे अंक एकाच ठशांच्या संचातले होते आणि मुठीखाली लपलेल्या जोडणीच्या बारीक खुणांशी त्यांचा काडीचा मेळ नव्हता.

त्यानंतर त्यांनी सिलिंडरवरील चाचणीची मुद्रा दाखवली. लिएझच्या सरकारी चाचणीगृहातून पार पडलेल्या शस्त्रावर लंबगोलात ई, एल आणि जी ही तीन रोमन अक्षरे व खाली चांदणी अशी मुद्रा असते, आणि १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट येऊ लागला. एका रिव्हॉल्व्हरवरील मुद्रा मुकुटाविना होती आणि दुसऱ्यावरील मुकुटासह. लागोपाठ क्रमांकांची, एकाच हातची म्हणवणारी ही भावंडे १८९३ च्या दोन बाजूंना जन्मली होती. पहिला नग अधिकाऱ्यांच्या १८७८ च्या नमुन्यातला निघाला. दुसरा बाजारासाठी बनवलेला, तशाच दिसणाऱ्या घडणीचा सामान्य नग होता, ज्याची नळी तोंडाकडून कापून पहिल्याच्या लांबीची केलेली होती आणि नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असणारी माशी नव्याने बसवलेली होती.

हा फरक ओळखण्याची एक चाचणी कोणत्याही हत्याराविना करता येते. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून काडतूस भरण्याची झडप उघडायची आणि चाप ओढायचा. आबादी पद्धतीत झडप उघडताच घोड्याचा चापाशी संबंध सुटतो, त्यामुळे सिलिंडर फिरतो पण घोडा जागचा हलत नाही. भरताना अपघात होऊ नये म्हणून ती योजना असते. पहिल्या नगाने तसेच केले. दुसऱ्यात वाळून दगड झालेले ग्रीस साफ केल्यावर झडप उघडी असतानाही घोडा उठला आणि खटकन पडला. स्प्रिंग तुटेल ही भीती का घातली जात होती, ते तेव्हा कळले. त्याहून वाईट म्हणजे दुसरा नग पूर्णपणे चालू स्थितीत होता; नळीतले शिसे तोंडाशी बसवलेले बूच निघाले. पहिल्याच्या घोड्याची काडतुसावर आपटणारी चोच तेवढी घासलेली होती, आणि ती दुरुस्त होण्याजोगी असल्यामुळे कलम ४५ ची सूट त्यालाही लागू होत नव्हती.

पेटीची परीक्षा थोडक्यात आटोपली. बनातीखाली प्लायवूड होते, आणि शतकभर पडून राहिलेल्या लोखंडाचा तेलकट डाग वा दाब कापडावर कुठेही नव्हता. लेबलावर अतिनील दिवा धरताच कागद निळसर पांढरा चमकला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी रसायने गेल्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत.

पत्राचा निकाल पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातील माध्यमिक शाळेत, शिकलेल्या, आमच्या परिचयाच्या एका वृद्ध वकीलबाबांनी लावला. पत्रावर १८९६ सालातली तारीख होती. राजेशाही गेल्यानंतर १९११ मध्ये पोर्तुगीज भाषेचे शुद्धलेखन बदलले आणि अनेक शब्दांतील दुहेरी अक्षरे एकेरी झाली. त्यापूर्वी आफोंसु हे नाव आणि 'अधिकारी' या अर्थाचा शब्द, दोन्ही दोन एफ घालून लिहिले जात. पत्रात दोन्ही ठिकाणी एकच एफ होता. वकीलबाबांनी चष्मा काढून एवढेच विचारले, की हा अधिकारी पंधरा वर्षे पुढचे शुद्धलेखन कुठल्या शाळेत शिकला होता?

विक्रेत्याला फोन केल्यावर त्याच्या आवाजात जराही घाबरगुंडी नव्हती. आपण फक्त पेटी विकली, पावती तेच सांगते, आणि तुमच्या घरात विनापरवाना चालू शस्त्र असेल तर पोलिसांकडे जाण्याआधी तुम्हीच विचार करा, असे त्याने शांतपणे ऐकवले. माझ्या मते या धंद्याचा खरा पाया इथे आहे. निकामी नसलेला नग निकामी म्हणून देण्यामागे निष्काळजीपणा नसतो. खरेदीदाराला आरोपी होण्याची भीती घालून त्याचे तोंड बंद ठेवण्याची ती व्यवस्था असते. याच कारणाने या फसवणुकीच्या तक्रारी बाहेर येत नाहीत आणि तीच पेटी, तेच लेबल पुन्हा कामाला येते.

मी वकिलाचा सल्ला घेऊन, कारागिराचा लेखी अभिप्राय जोडून, दोन्ही शस्त्रे कुठेही न हलवता आधी लेखी कळवले आणि मग पोलिसांनी घरी येऊन पंचनाम्याने ती ताब्यात घेतली. शस्त्र आपणहून जमा करायचे असले तरी पिशवीत घालून ठाण्यावर नेऊ नये, वाटेत सापडल्यास खुलासा करणे अवघड जाते, हे वकिलाने निक्षून सांगितले होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार नोंदवली आहे. पावतीवर पेटीच असली तरी रिव्हॉल्व्हरचे फोटो, क्रमांकांविषयीचे बोलणे आणि 'निकामी आहे' ही हमी मोबाइलवरील संदेशांत शाबूत होती, आणि विक्रेत्याच्या पावतीच्या युक्तीला सध्या तरी तेवढेच उत्तर आहे. रक्कम परत मिळालेली नाही. माझ्याविरुद्ध शस्त्र कायद्याखाली कारवाई करायची की नाही याचा निर्णय बाकी आहे. स्वतः कळवल्याची तारीख नोंदीत असल्यामुळे तो प्रतिकूल जाणार नाही असे वकिलांना वाटते.

ज्यांच्यापुढे अशी पेटी आली असेल त्यांनी पैसे देण्यापूर्वी मुठी उतरवून आतल्या खुणांचे, सिलिंडरवरील मुद्रांचे आणि बनातीखालच्या लाकडाचे फोटो मागावेत, आणि पावतीवर प्रत्येक शस्त्र क्रमांकासह लिहून घ्यावे; खरा व्यापारी याला नकार देत नाही. ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी विक्रेत्याशी झालेले संदेश पुसू नयेत. तक्रार जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. व्यवहार दुसऱ्या तालुक्यात किंवा कारवार, सावंतवाडीकडे झाला असला तरी हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.