कडीच्या झाकणाचे काचेचे डबे: आठवड्याच्या रात्रीच्या जेवणासाठी घ्यावेत का?

रविवारी दोन तास खपून पुढच्या चार-पाच रात्रींची तयारी करून ठेवायची असेल, तर चारही बाजूंना कड्या असलेले बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचे डबे जरूर घ्यावेत. दहा-बारा डब्यांचा मोठा संच मात्र नको. त्यात ३०० मिलीच्या आसपासचे डबे बरेच भरलेले असतात आणि चार माणसांच्या घरात त्यांत चटणीपलीकडे फारसं काही मावत नाही. खरी कामाची मापं दोनच: ६०० ते ६५० मिली आणि १ लिटर. आकार चौकोनी किंवा आयताकृतीच घ्या, गोल डबे फ्रिजमधली जागा वाया घालवतात.

मधल्या, म्हणजे ६०० ते ६५० मिलीच्या डब्यात वरणाची डाळ उत्तम राहते. १५० मिलीच्या वाटीने एक वाटी तूरडाळ, अडीच वाट्या पाणी, हळद आणि हिंग. शिजवून, घोटून, गार करून ठेवली की दोन रात्रींची सोय होते: एकदा चिंचगुळाची आमटी, दुसऱ्यांदा लसणाच्या फोडणीचं वरण. फोडणी त्या त्या रात्रीच द्यायची. फ्रिजमध्ये डाळ थिजल्यासारखी घट्ट होते, म्हणून गरम करताना आधी उकळतं पाणी घालून सैल करावी, नाहीतर बुडाला लागते.

या डब्यांचं सोनं होतं ते कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. चार मध्यम कांदे, एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं एवढ्यात दोन-तीन रश्श्यांचं वाटण होतं. कांदा तेलावर चांगला तांबूस होईपर्यंत परता आणि वाटताना पाणी अगदी बेताचं घाला. पाणी जितकं जास्त तितकं वाटण लवकर आंबतं. फ्रिजमध्ये ते चार दिवस छान टिकतं. ओल्या नारळाचं वाटण दुसऱ्या दिवशीच संपवावं किंवा सरळ फ्रीझरमध्ये टाकावं. प्लॅस्टिकच्या डब्याला हळद आणि लसणाचा वास कायमचा धरतो, काचेला धरत नाही. पैसे मोजायचे ते यासाठीच.

मोड आलेल्या मटकीच्या बाबतीत मात्र घट्ट झाकण हाच दोष ठरतो. दीड वाटी मटकी मोड आल्यावर साधारण पाच वाट्या होते, ती १ लिटरच्या डब्यात मावते. पण मोड आलेलं कडधान्य श्वास घेत असतं. चारही कड्या लावल्या की झाकणाला आतून पाणी सुटतं, ते खाली ठिबकतं आणि तिसऱ्या दिवशी मटकी चिकट होऊन वास मारते. तळाशी कोरडं सुती फडकं घाला आणि समोरासमोरच्या दोन कड्या उघड्या ठेवा.

डब्याचा कच्चा भाग म्हणजे झाकण. काच वर्षानुवर्षं टिकते, कडीचा बिजागरीसारखा पातळ पट्टा आधी तुटतो. झाकण लावूनच मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याची सवय असेल तर ते वाकतं आणि मग कड्या ताणूनच लावाव्या लागतात. गरम करताना झाकण काढून वर ताटली ठेवावी. सुटं झाकण मिळत नसेल तर तो डबा घेऊच नये. सिलिकॉनची रिंग आठवड्यातून एकदा चमच्याच्या दांड्याने उचलून काढा आणि सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवा. तिच्या खाचेत तेलकट वाटण अडकून राहतं, कुबट वास तिथूनच येतो. सुरीचं टोक लावलं तर रिंग कापली जाते.

बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून एकदम गरम-गार झाल्यावर तडकायची भीती कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. फ्रीझरमधला डबा थेट गरम ओव्हनमध्ये घालू नका, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा. गॅसवर तर कधीच नको. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा फ्रीझरमध्ये ठेवायचा डबा पाऊणच भरा. बटाटा घातलेला रस्सा तर गोठवूच नये, बटाटा पाणचट आणि रवाळ होतो. घेताना डब्याच्या तळावर किंवा खोक्यावर ‘बोरोसिलिकेट’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा. नुसतं ‘टफन्ड ग्लास’ लिहिलेलं असेल तर ती वेगळी काच.

उरलेला भात या डब्यांत खोल भरून गार होऊ देऊ नका. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि भातातले जंतू तिथेच वाढतात. परातीत पसरून तासाभरात गार करा, मग डब्यात भरा आणि दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून संपवा.

चौघांच्या घराला मधल्या मापाचे चार आणि १ लिटरचे दोन डबे पुरतात. कणकेसाठी काच घेऊ नये. वरून तेलाचा हात फिरवून स्टीलच्या घट्ट डब्यात ठेवलेली कणीक दुसऱ्या रात्रीपर्यंत चांगली राहते, आणि तो डबा घरात असतोच.