रोजच्या लॅपटॉपवर आरसी कर्नल: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. लिनक्सचा आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, रोजच्या कामाच्या मशीनवर चालवता येतो. फक्त आरसी-१ च्या वाटेला जाऊ नका, आणि बॅकअप नसेल तर कुठल्याच आरसीच्या नको. काही महिने हेच करतोय, एकाहून जास्त रिलीज सायकल बघून झाल्या, म्हणून आता लिहितो.

ज्यांना वेळापत्रक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवं काम आत घ्यायचा काळ; त्यात बहुतेक वेळा दहा हजारांहून जास्त कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) आत येतात. मग आरसी-१, आणि तिथून दर रविवारी पुढची आरसी, सातव्या किंवा आठव्यापर्यंत. हे सात आठवडेच महत्त्वाचे. आरसी-३ च्या सुमाराला रिग्रेशन (आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडणं) कळवलं तर कमिट लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते काम अजून ताजं असतं, आणि रिव्हर्ट करायचं, म्हणजे बदल मागे घ्यायचा, म्हटलं तर पॅच सरळ उलटा लागतो. तेच दोन आवृत्त्यांनंतर कळवा. तोवर त्या बदलावर दुसऱ्या कुणाचा तरी कोड उभा राहिलेला असतो, आणि एक काढायला गेलं की दुसरं ढासळतं.

‘एवढे बॉट आहेत की, मी कशाला?’ हा प्रश्न मलाही पडला होता. झीरो-डे, कर्नलसीआय, सिझबॉट ही कर्नल आपोआप तपासणारी मंडळी काम चोख करतात. बिल्ड मोडलं, बूट अडलं, सिस्टीम कॉलमध्ये (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतात त्या वाटेत) काही फाटलं, तर त्यांना माझ्याआधी कळतं. पण माझ्या लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडल्यावर वायफाय परत येतं का, हे कुठलाच बॉट बघत नाही. त्या फर्मवेअरचं, त्या कार्डाचं मशीन कुणाच्या लॅबमध्ये असेलच असं नाही. म्हणून मोठमोठे टेस्ट सूट चालवायचा नाद मी लवकर सोडला. त्याऐवजी एक छोटी स्क्रिप्ट आहे, प्रत्येक आरसीवर तीच आणि त्याच क्रमाने चालते. बूट झाल्यावर डीमेसेजमधल्या (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीतल्या) फक्त एरर आणि वॉर्निंग, वेळेचे आकडे काढून, फाइलमध्ये टाकायच्या आणि मागच्या आरसीच्या फाइलशी डिफ करायचा, म्हणजे फरक काढायचा. मग आरटीसीवेकने (ठरल्या वेळी मशीन जागं करणाऱ्या कमांडने) मशीन अर्धा मिनिट झोपवायचं, उठवायचं, पिंग करायचं, असं लागोपाठ. शेवटी बाहेरचा डिस्प्ले आणि आवाज हाताने तपासायचा. बस.

याच स्क्रिप्टला एका आरसी-२ वर मासा लागला. झोपेतून उठल्यावर वायफाय गायब, पण दर वेळी नाही, अधूनमधून. डिफमध्ये ड्रायव्हरची एक नवी वॉर्निंग होती, ती नसती तर मी राउटरलाच शिव्या घालत बसलो असतो. गिट बायसेक्ट लावलं: मधला कमिट बूट करून बघायचा, ‘गुड’ की ‘बॅड’ सांगायचं, आणि बिघाड नेमका कुठल्या कमिटने आणला ते शोधत जायचं. दहा हजार कमिट म्हणजे ऐकायला भयंकर, पण दर फेरीला निम्मे गळतात, त्यामुळे तेरा-चौदा फेऱ्यांत उत्तर येतं. खरा त्रास अधूनमधून येणाऱ्या बगचा. ‘बॅड’ म्हणायला एक अपयश पुरतं, ‘गुड’ म्हणायला मात्र किती यश पुरतील? एक खोटा ‘गुड’ दिला की पुढच्या सगळ्या फेऱ्या चुकीच्या निम्म्यात. म्हणून सलग वीस वेळा झोप-जाग नीट झाल्याशिवाय ‘गुड’ द्यायचाच नाही, असा नियम ठेवला. वेळ खाल्ला त्याने, पण एकदाही मागे फिरावं लागलं नाही.

नवख्याला दचकवणारी एक गोष्ट: बायसेक्ट चालू असताना कर्नलचा आवृत्ती क्रमांक मध्येच मागे जातो. सुरुवात केली त्या ‘गुड’ आवृत्तीच्याही आधीची आरसी बूट झालेली दिसते. त्यात गडबड काही नाही. सबसिस्टीमच्या (कर्नलच्या वेगवेगळ्या विभागांच्या) शाखा जुन्या आरसीवरून फुटलेल्या असतात, बायसेक्ट त्या शाखेत शिरलं की तिथला क्रमांक दिसतो.

दोषी कमिट सापडल्यावर ताज्या आरसीवर तेवढंच रिव्हर्ट करून पुन्हा झोप-जाग केली, मगच कळवलं. रिपोर्टमध्ये रेग्झबॉटसाठी (रिग्रेशनची नोंद ठेवणाऱ्या बॉटसाठी) कमिटचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, असलेली ओळ टाकली की तो बग ट्रॅकिंगमध्ये राहतो, विसरला जात नाही. मेंटेनरचं (तो भाग सांभाळणाऱ्याचं) उत्तर लगेच आलं, पॅच आला, मी तपासला आणि फायनलच्या आत तो लागलाही.

आता कटकटी. लोकलमॉडकॉन्फिग या बिल्डच्या पर्यायाने बिल्ड खूप हलका होतो, पण त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) तो धरतो. तेव्हा डॉक, पेनड्राइव्ह, हेडसेट जे लागतं ते सगळं आधी एकदा जोडून घ्या. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर घरी बांधलेला कर्नल सही केल्याशिवाय उठणार नाही. बूट पार्टिशन भरतं, आणि नेमकं नको त्या वेळी भरतं. ग्राफिक्सचं बाहेरचं मॉड्यूल वापरत असाल तर ते नव्या आरसीवर बिल्ड होईलच याची खात्री नाही, आणि झालं तरी कर्नल टेंटेड (बाहेरच्या कोडमुळे ‘डाग लागलेला’) दिसतो. मग रिपोर्टला पहिलं उत्तर ‘त्याशिवाय करून दाखवा’ हेच. डिस्ट्रोने (डेबियनसारख्या तयार लिनक्स संचाने) दिलेल्या आरसीत कधीकधी डीबगचे पर्याय चालू असतात, तिथे वेग मोजण्यात अर्थ नाही. लिनक्स-नेक्स्टही, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठीचे बदल एकत्र केलेलं झाडही, थोडे दिवस चालवून बघितलं. रोज वेगळं झाड, रोज वेगळा प्रश्न. रोजच्या मशीनवर मला ते झेपलं नाही, व्हर्च्युअल मशीनमध्ये ठीक आहे.

आरसी-१ बद्दल एवढा कडक का, तर फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस आलेला ५.१२-आरसी१. स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची फाइल) वापरणाऱ्यांच्या फाइलसिस्टीमवर त्याने भलतीकडेच लिहिलं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या टॅगच्या नावालाच ‘डोंटयूज’ (वापरू नका) जोडलं आणि आरसी-२ रविवारची वाट न बघता शुक्रवारी काढली.

पण म्हणून स्टेबल (फायनलनंतर फक्त दुरुस्त्या मिळणारी मालिका) म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालू नका. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मधल्या बॅकपोर्टने (नव्या कर्नलमधून जुन्यात आणलेल्या पॅचने) एक्स्ट४ या फाइलसिस्टीमवर डेटा खराब होण्याची वेळ आली. मूळ पॅच ज्या दुसऱ्या पॅचवर अवलंबून होता तो सोबत आलाच नव्हता. त्यापायी डेबियनला त्यांची १२.३ ही आवृत्ती रोखून धरावी लागली. स्टेबलच्याही आरसी असतात आणि त्यांना तपासायला साधारण दोनच दिवस मिळतात. सध्या माझी तीच स्क्रिप्ट जुन्या लॅपटॉपवर लॉंगटर्म (जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या स्टेबल) मालिकेच्या आरसीवरही चालते. काही सापडलं तर रिपोर्ट, नाही सापडलं तर मशीनचं नाव लिहून एक टेस्टेड-बाय, म्हणजे ‘मी तपासलं’ अशी ओळ.