वजन उतरवताना जेवणाबरोबर वाईन: नाशिक-अकलूजच्या बाटल्यांतलं काय घ्यावं, काय ठेवून द्यावं

आहाराच्या तक्त्यात भाकरी किती, तेल किती, ताक कधी, सगळं लिहिलेलं असतं. वाईनपुढे मात्र एक तर फुली असते, नाहीतर तिचा उल्लेखच नसतो. त्यामुळे ज्यांना शनिवारी रात्री जेवणाबरोबर एक ग्लास घ्यायचा असतो ते अंदाजाने घेतात, आणि अंदाज नेहमी स्वतःच्या सोयीचा निघतो. हा आढावा त्यांच्यासाठी. जे मुळात घेत नाहीत त्यांनी तब्येतीच्या नावाखाली सुरू करू नये. कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलंय.

आधी हिशोब. वाईनमधल्या कॅलरी मुख्यतः अल्कोहोलमधून येतात, साखरेतून नव्हे. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला ४. सूत्र सोपं आहे: मिलिलिटर गुणिले लेबलवरचे टक्के गुणिले ०.०५५. म्हणजे १२ टक्क्यांच्या वाईनचे १५० मिली घेतले तर अल्कोहोलच्या ९९ कॅलरी. त्यात उरलेली थोडी साखर, ग्लिसरॉल आणि आम्लं यांच्या दहा-बारा मिळवायच्या. तेच १४.५ टक्क्यांच्या रेडचे १५० मिली घेतले तर एकट्या अल्कोहोलच्याच १२०. थोडक्यात, ड्राय (म्हणजे गोडी जवळजवळ नसलेल्या) वाईनचा मापातला एक ग्लास ११० ते १३० कॅलरींचा, म्हणजे फोडणीतल्या एका मोठ्या चमचाभर तेलाएवढा. आठवड्यातून दोन ग्लास घेणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. रोज दोन घेणाऱ्याचे मात्र आठवड्याला जवळपास १७०० होतात. रोज ५०० कॅलरींची तूट पाळून आठवड्यात जे ३५०० कमावले, त्यातले निम्मे तिथेच गेले.

लेबलवर कॅलरी बहुधा नसतात, टक्के असतातच. म्हणून दुकानात पहिली नजर टक्क्यांवर. लाल-पांढऱ्याचा वाद इथे गैरलागू आहे. साडेतेरा टक्क्यांची व्हाईट ही बारा टक्क्यांच्या रेडपेक्षा जड पडते. दुसरी नजर गोडीवर. युरोपच्या नियमात साध्या वाईनला 'ड्राय' म्हणायचं तर लिटरला साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते (आम्लता जास्त असेल तर ९ पर्यंत). आपल्याकडच्या लेबलवर हा आकडा सहसा सापडत नाही, म्हणून मागच्या बाजूचं वर्णन वाचावं: 'ऑफ-ड्राय', 'सेमी-स्वीट', 'लेट हार्वेस्ट' असे शब्द दिसले की साखर उरलेली आहे असं समजावं. फसगत होते ती स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनमध्ये. 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव कोरडं वाटतं, पण ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते: ब्रूट लिटरला १२ ग्रॅमपर्यंत, एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, आणि 'डेमी-सेक' थेट ३२ ते ५०. वजन उतरवणाऱ्याने 'ब्रूट' किंवा 'ब्रूट नेचर' शोधावं.

टक्के कमी-जास्त का होतात ते कळलं की निवड सोपी होते. द्राक्षाच्या रसात लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर असली की आंबवल्यावर १ टक्का अल्कोहोल मिळतं. नाशिक पट्ट्यात वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. ऊन वाढत जातं तशी मण्यातली साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. लवकर काढलेल्या द्राक्षांची वाईन हलकी, तरतरीत. उशिरा काढलेल्यांची एक तर जास्त चढणारी, नाहीतर आंबवणं मध्येच थांबवलेली आणि गोड.

आता बाटल्या. या कामासाठी पहिली पसंती सोव्हिन्यों ब्लाँ या व्हाईट वाईनला. नाशिकच्या सुला कंपनीची सगळ्या दुकानांत मिळते. ड्राय, हिरव्या मिरचीच्या आणि गवताच्या अंगाचा वास, चांगली आंबट. आंबटपणा महत्त्वाचा, कारण आंबट वाईन घोटाघोटाने प्यायली जाते, गोड वाईन सरबतासारखी जाते. पापलेट, सुरमई, कोळंबी, अगदी कोथिंबीर-लिंबू पिळलेलं तव्यावरचं चिकन, सगळ्यांशी जमते. मात्र रवा लावून तळलेला मासा तेल पितो, तेव्हा तवा, दोन छोटे चमचे तेल आणि झाकण. वाईनच्या कॅलरी मोजायच्या आणि माशाचं तेल सोडून द्यायचं, असं चालत नाही.

ब्रूट स्पार्कलिंग दुसरी, आणि खरं तर रोजच्या मराठी जेवणाला हीच जास्त शोभते. दिंडोरीची शांदों ब्रूट किंवा सुलाची ब्रूट, दोन्हींत बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तोंडातला तेलकटपणा साफ होतो. लसणाची फोडणी घातलेलं पिठलं, थालीपीठ, बांगडा, या तिघांबरोबर ही घेऊन बघा. बांगड्याबरोबर रेड मात्र टाळावी. रेडमधलं लोह आणि तेलकट माशातली स्निग्धं यांची गाठ पडली की तोंडात पत्रा चाटल्यासारखी चव येते. दोष माशाचाही नाही आणि वाईनचाही नाही. ब्रूटची अडचण एकच: उघडली की दोन दिवसांत संपवावी लागते, त्यामुळे एकट्या माणसासाठी ती सोयीची नाही.

शेनिन ब्लाँ या व्हाईटवर मतं वेगळी पडतात. नाशिकचं हे मोठं द्राक्ष. पण बऱ्याच शेनिन थोड्या गोड ठेवलेल्या असतात, सुलाचीही तशीच. तक्ता पाळणारे म्हणून तिला नाकारतात. ही चूक वाटते. लिटरला १५ ग्रॅम साखर धरली तरी १५० मिलीमागे सव्वादोन ग्रॅम, म्हणजे नऊ कॅलरी. त्या नऊ कॅलरींत एक मोठं काम होतं: तिखट सांभाळलं जातं. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवतं, म्हणून तांबड्या रश्शाबरोबर १४ टक्क्यांची शिराज ही रेड घेतली की जीभ पेटते, मग पाणी, मग भात, मग आणखी भात. थंडगार, किंचित गोड, बारा टक्क्यांच्या आतली शेनिन घेतली की तोच रस्सा एका भाकरीत आटपतो.

रेडमध्ये अकलूजच्या फ्राटेली कंपनीची सॅंजोव्हेझे भरल्या वांग्याला चांगली जाते. शेंगदाणे, तीळ, खोबरं यांच्या स्निग्धतेवर रेडचा तुरटपणा बसतो. ओक लाकडाच्या पिपांत मुरलेल्या भारी रेड, म्हणजे सुलाची रासा शिराज किंवा फ्राटेलीची सेत्ते, या मटणाच्या आणि सणावाराच्या. अशा रेड बहुधा १३.५ टक्क्यांच्या पुढेच असतात. शंभर मिली ओतून थांबावं.

ठेवून देण्याच्या बाटल्या: गोव्याच्या गोड पोर्ट, रेस्टॉरंटची सांग्रिया (तिच्यात रस, साखर आणि कधी वरून लिंबूपेयही असतं) आणि कॅनमधली गोड स्पार्कलिंग. कॅनवर अल्कोहोल कमी लिहिलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त दोन घेतात. लेट हार्वेस्ट शेनिन मात्र बाद करू नका, तिची जागा बदला. लिटरला १०० ग्रॅम साखर धरली तरी ६० मिलीचा छोटा ग्लास ६५ कॅलरींचा होतो. वाटीभर श्रीखंडाच्या जागी तो घेतला तर फायद्यातच. श्रीखंडासोबत घेतला तर अर्थातच नाही.

आता ज्या ठिकाणी खरा घोळ होतो ते: ग्लास. घरातले रेड वाईनचे ग्लास ४५० ते ६०० मिलीचे असतात. त्यात अर्धा भरलेला ग्लास 'एकच' म्हणून धरला जातो, पण तो २५० मिलीचा असतो. साडेतेरा टक्क्यांची वाईन असेल तर अल्कोहोलच्याच १८५ कॅलरी. उपाय पाच मिनिटांचा आहे. मापाच्या कपाने १५० मिली पाणी ग्लासात ओता, ग्लास ओट्यावर ठेवा, पाण्याची पातळी येईल तिथे बाहेरून एक टिकली चिकटवा. पाहुण्यांसमोर लाज वाटत असेल तर ती पातळी ग्लासच्या फुगवट्याच्या कितपत खाली-वर येते हे लक्षात ठेवा. आणि संपायच्या आत कोणालाही 'टॉप-अप' करू देऊ नका. अर्ध्यावर पुन्हा भरलेला ग्लास मोजता येत नाही.

वेळही ठरलेली हवी. ताट वाढलं की ओतायची, आधी नाही. जेवणाआधी रिकाम्या पोटी घेतलेली वाईन भराभर रक्तात उतरते आणि भूक चाळवते. दिवसभर किंवा सोळा तासांचा उपास करून वाईननेच तो सोडणाऱ्यांचं गणित इथेच फिसकटतं. आधी कोशिंबीर, मग मासा, अंडी किंवा उसळ, मग भाकरी, आणि वाईन या सगळ्यांच्या मधून. शेजारी तेवढंच पाणी.

चखणा बंद. हे एक वाक्य बाकी सगळ्यापेक्षा जास्त वजन वाचवतं. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम खारे शेंगदाणे १७० कॅलरींच्या आसपास, अर्थात ग्लासापेक्षा महाग. फरसाण, तळलेला मसाला पापड, चीजचे तुकडे यांचंही तेच. शरीर अल्कोहोल साठवू शकत नाही, ते आधी जाळतं. तेवढा वेळ चरबी जाळण्याचं काम मागे पडतं. म्हणून वाईनबरोबर आत गेलेलं तेल आणि फरसाणच अंगाला लागतं. काहीतरी चघळायचंच असेल तर काकडी, मुळा, गाजर, लिंबू-मीठ. मीठ बेतानेच: खारट खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर पाऊण किलो जास्त दिसतं, ते पाणी असतं. आदल्या रात्री पाणी कमी पडलं असेल तर उलट कमी दिसतं. वाईनच्या दुसऱ्या सकाळचं वजन नोंदवूच नये.

भरपाई करायची तर तेलातून किंवा भाकरीतून करावी. डाळ, अंडी, मासे कापून वाईनला जागा करणारे हळूहळू स्नायू गमावतात आणि रात्री अकराला पुन्हा फ्रिज उघडतात.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना वाईनने, विशेषतः कमी जेवल्यावर, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. फॅटी लिव्हर, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स, स्वादुपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर वर लिहिलेलं काहीही लागू नाही. ते डॉक्टरांशी बोलायचं.

खरेदीविषयी थोडं. पाटीवर 'वाईन शॉप' असतं, पण वाईन बहुतेकदा कोपऱ्यातल्या एका फळीवर, ट्यूबलाइटखाली, उभी तापत असते. कॉर्कची बाटली असेल तर कॉर्क वर उचललेला आहे का, मानेवर चिकट ओघळ आहे का ते बघा. दोन्ही उन्हाने तापल्याच्या खुणा. पारदर्शक बाटलीतली नवी सोव्हिन्यों गडद पिवळी दिसली तर परत ठेवा. नाशिकच्या बऱ्याच व्हाईट स्क्रू कॅपमध्ये येतात, त्या घेतलेल्या बऱ्या. घरी व्हाईट ८ ते १० अंशांवर. रेडसाठी 'खोलीचं तापमान' हा सल्ला आपल्या मे महिन्याला लागू नाही; अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून प्या, नाहीतर अल्कोहोल नाकात जातं आणि चव कळत नाही.

बाटली उघडली की ७५० मिली, म्हणजे पाच ग्लास, समोर उभे राहतात, आणि 'खराब होईल' म्हणून संपवले जातात. त्यावर उपाय असा: ३७५ मिलीची एक रिकामी स्क्रू कॅपची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवा. नवी बाटली उघडल्या उघडल्या, पहिला ग्लास ओतायच्याही आधी, ती छोटी बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये टाका. आत हवा जवळजवळ राहत नाही, त्यामुळे वाईन आठवडाभर टिकते. मूळ बाटलीत उरलेले अडीच ग्लास दोघांचं एक जेवण भागवतात. नुसता बूच लावून ठेवलेली अर्धी बाटली तीन-चार दिवसांत सफरचंद कापून ठेवल्यासारखी लागायला लागते. ती पिऊ नका, मटणाच्या मॅरिनेशनला वापरा. ही विधी स्पार्कलिंगला चालत नाही, ओतता ओतताच बुडबुडे जातात.

एखाद्या रात्री ग्लास लांबवायचा असेल तर १०० मिली ड्राय व्हाईट, १०० मिली थंड साधा सोडा आणि लिंबाची साल: ७५ ते ८० कॅलरी आणि हातात भरलेला ग्लास. टॉनिक घालू नका, त्यात साखर असते, सोडाच.