इंग्रजी-मराठी डिक्शनरी ॲप : 8 महिने वापरल्यावर, एका चुकीच्या उच्चारामुळे लिहितोय

ॲपचं नाव घेत नाही, वर्षाचे 499 भरलेत. शब्दसंख्या, ऑफलाइन, वर्ड ऑफ द डे वगैरे सगळं इतरांसारखंच, त्यावर लिहीत बसत नाही.

मुलीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात 'एपिटोम' (epitome, म्हणजे उत्तम नमुना) हा शब्द होता. ॲपमध्ये देवनागरीत तसाच लिहिलेला म्हणून मीच तिच्याकडून तो घोकून घेतला. परीक्षकांनी नंतर सांगितलं, इपिटमी, चार अवयव (सिलेबल), जोर 'पि'वर. पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मग मी रात्री बसून तपासलं तर हायपर्बलीचं (hyperbole) 'हायपरबोल', अरायचं (awry) 'ऑरी', इन्डाइटचं (indict) 'इंडिक्ट'. म्हणजे स्पेलिंगवरून मशीनने देवनागरी काढलीय, माणसाने वाचलेलीच नाही! कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर काय, ॲप अनइन्स्टॉल करून परत टाका. तिसऱ्या मेलनंतर फक्त एपिटोम दुरुस्त केला. बाकीचे तसेच.

तेव्हा एकच स्टार द्यायचं ठरवलं होतं, पण त्याच रागात शेजारची आयपीए चिन्हं (उच्चार दाखवणारी आंतरराष्ट्रीय लिपी) शिकून घेतली आणि मत बदललं, कारण ती मी तपासलेल्या प्रत्येक शब्दाला बरोबर निघाली. त्यात अवयवाआधी वर एक छोटी उभी रेघ असते, तिथून जोर सुरू होतो. रेकॉर्ड नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि स्वरही थोडा बदलतो. मराठीत जोराने शब्द बदलत नाही म्हणून आपल्या कानाला ते कळतच नाही, आणि देवनागरीत तो दाखवायची सोयच नाही. मुलांना शिकवताना ही रेघ आधी दाखवा, खरंच सांगतो.

शब्दांच्या इतिहासाचा भाग मात्र फार आवडला. डेट (debt) म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हताच, लॅटिन डेबिटमशी नातं दाखवायला तो नंतर स्पेलिंगमध्ये घातला, लोक मात्र आधीसारखंच बोलत राहिले. रिसीटमधला 'पी' पण तसलाच. कर्नलचं स्पेलिंग (colonel) इटालियन रूपाकडे झुकलेलं, उच्चारातला 'र' जुन्या फ्रेंच रूपातला. आपल्याकडे पेन्शनीत निघालेले जुने जवान कर्नलसाहेबच म्हणायचे, स्पेलिंग न बघता, आणि अगदी बरोबर म्हणायचे.

रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे. आयपीए फ्रीमध्येही दिसतं, इतिहासाला पैसे लागतात. हायपर्बली आणि अराय तोवर दुरुस्त झाले तर 499 भरीन, नाहीतर फ्रीवर. चौथा मेल आज सकाळीच टाकलाय.