सगळे एकदम निघायचं की तुकड्यांनी? चॅरिटी सायकल राइड ठरवताना

दरवर्षीची चॅरिटी राइड नव्याने हातात घेतलेल्या मंडळींशी बोलणं होतं तेव्हा रूट, टीशर्ट, स्पॉन्सर, ॲम्ब्युलन्स यावर तासभर चर्चा होते आणि अगदी निघता निघता कोणीतरी म्हणतं, "सगळ्यांना एकदमच सोडायचं ना, झेंडा दाखवून?" माझ्या मते हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला सोडवायला हवा, कारण व्हॉलंटियर किती लागणार, पोलिसांकडे नेमकी कसली परवानगी मागायची, शेवटचा कार्यक्रम किती वाजता ठेवायचा, सगळं यावरच ठरतं. आम्ही पहिली चार वर्षं सगळ्यांना एकदम सोडायचो, गेली तीन वर्षं तुकड्यांनी सोडतोय. दोन्ही पद्धतींनी राइड पार पडते, पैसे दोन्हीत जमतात. त्यामुळे एक बरोबर आणि दुसरी चूक असं मी म्हणणार नाही, पण माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

एकदम निघण्याची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात खरंच जीव आहे. सकाळी सगळे एका मैदानात जमलेत, समोर बॅनर, ज्या कामासाठी पैसे जमवतोय त्या संस्थेतलं कोणीतरी दोन मिनिटं बोलतं, आणि मग दोनशे-अडीचशे सायकली एकाच वेळी हलतात. तो क्षण तुकड्यांमध्ये मिळत नाही, कितीही प्रयत्न केला तरी नाही. पहिल्यांदा आलेला माणूस त्या गर्दीमुळेच पुढच्या वर्षी परत येतो. स्पॉन्सरला हवा असतो तो फोटो मिळतो, आणि रस्त्याच्या कडेचे लोक थांबून विचारतात की हे कशासाठी चाललंय. चॅरिटी राइडमध्ये या विचारण्याला मोल आहे, आमच्याकडे रस्त्यात उभं राहून चौकशी केलेल्या लोकांनी नंतर देणगी दिलेली आहे. शिवाय आयोजकाच्या डोक्याला ताप कमी, एक वेळ, एक घोषणा, एक सुरुवात.

आता सिग्नल. साधा हिशोब करून बघा. तीनशे जण दोन-दोनच्या रांगेत, म्हणजे दीडशे ओळी, प्रत्येक ओळीला सायकल आणि मधलं अंतर धरून पाच मीटर दिले तर साडेसातशे मीटरची रांग होते. ताशी १५ किलोमीटरने ही रांग एका चौकातून जायला न थांबता तीन मिनिटं लागतात. एवढा वेळ सहसा कुठलाच सिग्नल हिरवा नसतो. म्हणजे एकतर पोलिसांनी चौक अडवून धरायचा किंवा रांग तुटायची. तिसरा मार्ग म्हणजे आपल्याच लोकांनी आडवं उभं राहून गाड्या थोपवायच्या, ज्याला सायकलवाले कॉर्किंग म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९९२ साली सुरू झालेल्या क्रिटिकल मासमुळे हा प्रकार जगभर माहीत झाला, पण ती परवानगी न घेता निघणारी राइड, तिचं म्हणणंच वेगळं. चॅरिटीचं नाव लावून आपण ते करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण बहुतेक ठिकाणी साध्या व्हॉलंटियरला वाहतूक थांबवायचा अधिकारच नसतो, आणि अडकलेल्या गाडीतल्या माणसाला राग आला की तो आपल्या संस्थेच्या नावावर येतो, आणि ते त्याला पुढे बरेच दिवस लक्षात राहतं.

पण मी पद्धत बदलली ती सिग्नलमुळे नाही, थांब्यांमुळे.

चौथ्या वर्षी मी स्वीपला होतो, म्हणजे सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे. त्याआधीची तीन वर्षं मी पुढे असायचो, नकाशा माझ्याकडे, त्यामुळे मला राइड छानच वाटायची. मागून मात्र ती वेगळी दिसली. पुढच्याने जरासा ब्रेक दाबला की मागे येईपर्यंत त्याचं पूर्ण थांबणं होतं, पुढचे सहज वेग धरतात आणि मागच्यांना ती फट भरायला जिवाच्या आकांताने पायडल मारावी लागते, आणि फट भरून होते न होते तोच परत ब्रेक. लोखंडी साखळी ओढली की शेवटची कडी कशी हिसके खाते, तसं. आणि मागे असतं कोण? लहान मुलं, मुलाला कॅरियरवर घेतलेले आईबाप, वर्षातून एकदाच सायकल बाहेर काढणारे लोक. ज्यांना हिसके सोसत नाहीत नेमके तेच.

आणि मग तो थांबा. रांग तुटली की सगळे परत एकत्र यावेत म्हणून आम्ही २२ किलोमीटरमध्ये तीन ठिकाणी थांबे ठेवलेले. पुढचे तिथे पोचायचे, पाणी प्यायचे, फोटो काढायचे, दहा-बारा मिनिटं निवांत बसायचे. मागचे धापा टाकत पोचले की कोणीतरी ओरडायचं, "आले सगळे, चला!" आणि सगळे निघायचे, मागच्यांनी अजून पाय खाली टेकवलेला नसायचा. म्हणजे जो सगळ्यात दमलेला, त्याला विश्रांती शून्य, आणि जो ताजातवाना त्याला तीन वेळा विश्रांती. ट्रेकला जाणाऱ्यांना हे माहीत असेल, तिथेही असंच होतं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, ओरडणारा व्हॉलंटियर बिचारा वेळापत्रक सांभाळत असतो, पण पद्धतच अशी आहे की ती दमलेल्यालाच आणखी दमवते. आम्ही थांब्यावर पाच मिनिटं जास्त ठेवायचा प्रयोग केला, तर पुढचे कंटाळून आपले आपण निघून जायला लागले आणि चौक अडवून ठेवलेला वाहतूक पोलीस आम्हाला विचारायला लागला की अजून किती वेळ.

त्या दिवशी माझ्या पुढेच साठीच्या एक काकू होत्या. ज्या आजाराच्या रुग्णांसाठी आम्ही पैसे जमवत होतो त्याच आजारात त्यांचे यजमान गेलेले, आणि त्या वर्षी वर्गणी जमवणाऱ्यांत त्यांचं नाव वरून दुसरं होतं. तिन्ही थांब्यांवर त्या शेवटी पोचल्या आणि तिन्ही वेळा न बसता निघाल्या. शेवटच्या टप्प्यात रांग इतकी तुटली की आम्ही दोघंच राहिलो. मैदानात शिरलो तेव्हा भाषण होऊन गेलेलं, माणसं पांगलेली, खुर्च्या एकात एक रचणं चाललेलं. काकूंनी सायकल उभी केली आणि मला विचारलं, "मला फार उशीर झाला का हो?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षीच्या पहिल्या मीटिंगला मी एवढाच प्रसंग सांगितला आणि आम्ही तुकड्यांवर आलो.

तुकड्यांचं गणित असं. तीसची एक तुकडी, पंधरा ओळी, पंचाहत्तर मीटर, चौकातून अठरा-वीस सेकंदात पार. सिग्नलला थांबून परत निघायला थोडा वेळ जास्त लागतो, पण बहुतेक वेळा एका हिरव्यात अख्खी तुकडी निघते आणि तुटलीच तर पाच-सात जण मागे राहतात, त्यांची वाट बघणं अवघड नसतं. कोणाची गाडी अडवायची नाही, नेहमीचे नियम पाळत जायचं. मोठ्या राइड्सही याच वाटेने जातात. न्यूयॉर्कची फाइव्ह बरो बाइक टूर १९७७ मध्ये अडीचशेच्या आसपास लोकांवर सुरू झाली, आज तीस हजारांच्या घरात लोक ४० मैल चालवतात, रस्ते गाड्यांना बंद असतात आणि तरीही लोकांना लाटा-लाटांनी सोडतात. लंडन ते ब्रायटन या ५४ मैलांच्या चॅरिटी राइडलाही निघायच्या वेळा वाटून दिलेल्या असतात. न्यूयॉर्कला रस्ता रिकामा मिळूनसुद्धा तुकड्या लागतात, मग आपल्याला चालू वाहतुकीत लागणारच.

तुकडीतला थांबाही वेगळा होतो. तीस जणांत सगळे सगळ्यांना बघू शकतात, शेवटचा कोण हे लीडरला माहीत असतं, आणि आमचा एकच नियम आहे की थांब्याची वेळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होते. तीनशेमध्ये हा नियम पाळता येत नाही, तीसमध्ये येतो.

आता तोटे, आणि ते आहेत. व्हॉलंटियर जास्त लागतात, निदान आम्हाला तरी लागले, कारण प्रत्येक तुकडीला पुढे एक आणि मागे एक असे दोघं, शिवाय अवघड वळणांवर उभे राहणारे वेगळे, आणि त्या उभ्या राहणाऱ्यांना पहिल्या तुकडीपासून शेवटच्यापर्यंत तिथेच थांबावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यांना पाणी आणि बदली माणूस द्यायला विसरू नका, आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि एका वळणावर माणूस नव्हता म्हणून एक अख्खी तुकडी चुकून पुलावर चढली. बाण जास्त लावा, वळणाच्या आधी एक आणि वळून झाल्यावर "बरोबर आलात" म्हणून एक. पंक्चरवाला एकच असेल तर तो मधल्या तुकडीबरोबर ठेवा.

सगळ्यात मोठा तोटा शेवटच्या कार्यक्रमाचा. लोक थोडे थोडे येतात, मग चेक द्यायचा कधी, बोलायचं कधी, ऐकायला कोण? पहिल्या वर्षी आमचं हेच झालं, संस्थेच्या पाहुण्यांना रिकाम्या मैदानात तासभर बसावं लागलं. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे हळू जाणाऱ्यांना आधी सोडायचं. आमच्या २२ किलोमीटरला सावकाश तुकडीला, ताशी १२ धरले तर, एक तास पन्नास मिनिटं लागतात आणि जलद तुकडीला, ताशी २० ने, साधारण एक तास सहा मिनिटं. आठ तुकड्या पाच-पाच मिनिटांनी सोडल्या की पहिली आणि आठवी यांच्यात पस्तीस मिनिटांचं अंतर राहतं, म्हणजे सगळ्यात उशिरा निघालेले आणि सगळ्यात आधी निघालेले जेमतेम दहा मिनिटांच्या फरकाने मैदानात येतात. कागदावरचा हिशोब कागदावरच राहतो, एखादं पंक्चर झालं की बदलतो, पण मोकळ्या खुर्च्यांसमोर भाषण त्यानंतर झालेलं नाही. याची किंमत म्हणजे शेवटच्या तीन-चार किलोमीटरमध्ये तुकड्या एकमेकांच्या जवळ येतात आणि जलदवाले सावकाशवाल्यांना ओलांडायला बघतात, तिथे दोन अनुभवी मार्शल ठेवा आणि अरुंद रस्ता असेल तर ओलांडायचं नाही हे निघतानाच सांगा. जलद पोरं पहिल्या वर्षी कुरकुरली की आम्हाला शेवटी का ठेवलं. त्यांना कारण सांगितल्यावर ऐकलं, त्यातलेच दोघं आता सावकाश तुकडीचे लीडर आहेत.

पैशाच्या बाजूने आधी मला भीती होती की देखावा कमी झाला की देणग्या कमी होतील. तसं झालं नाही. उलट तुकडी एखाद्या गटाची केली, एक ऑफिस, एक शाळेतले पालक, एक व्यायामशाळा, तर प्रत्येक तुकडी आपली वर्गणी आपण जमवायला लागते आणि त्यांच्यात थोडी चुरस लागते. हे तुमच्याकडे होईलच असं नाही, आमचे तुकडी लीडर चांगले निघाले हेही खरं.

तर कोणी काय निवडावं? पन्नासच्या आत लोक असतील तर एकदमच निघा, तुकड्यांचा खटाटोप कशाला. पोलीस पूर्ण रस्ता बंद करून द्यायला लेखी तयार असतील, रूट सात-आठ किलोमीटरचा असेल आणि सगळे साधारण एकाच ताकदीचे असतील तरीही एकदम निघण्यात मजा आहे, मी नाही म्हणणार नाही. लहान मुलं, वयस्कर माणसं, चालू सिग्नल, वीसेक किलोमीटर असं असेल तर मात्र तुकड्या. आणि झेंड्याचा तो क्षण सोडवत नसेल तर आम्ही करतो ते करा, सगळ्यांना मैदानात एकाच वेळी बोलवा, बोलणं, फोटो, घोषणा सगळं एकत्र, आणि मग पहिली तुकडी सोडून बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. गेल्या वर्षी काकू पहिल्या तुकडीत होत्या. दोनशे लोकांच्या टाळ्यांतून त्या मैदानाबाहेर पडल्या, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी परत येऊन पुढच्या रांगेत बसल्या.